आंबेरकर बाईंचा दाराबाहेरचा बाक

आमच्या सायंवर्गाने प्रौढांसाठी तयार केलेल्या पहिल्या पायरीच्या इंग्रजी अभ्यासक्रमाची उद्दिष्टे मूल्यमापन समितीने मान्य केली आहेत. वर्गाच्या समन्वयक गीता म्हात्रे यांनी परवा संध्याकाळी या बातमीला दुजोरा दिला. सोबत त्यांनी एक अटही सांगितली. कागदावरची उद्दिष्टे मान्य झाली असली, तरी ती आमच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्षात साधली आहेत का, हे पाहायला समितीचे परीक्षक येत्या रविवारी येणार आहेत. तोंडी परीक्षा होईल. ती नीट पार पडली, तरच वर्गाच्या प्रमाणपत्राला बाहेरच्या जगात मान मिळेल.

ही बातमी द्यायला गीताताई स्वतः आंबेरकर बाईंच्या घरी गेल्या. बाईंनी ती शांतपणे ऐकली, चष्मा पुसला आणि विचारले, "परीक्षा सकाळी आहे की दुपारी? दुपारी असेल तर बाकावर ऊन येतं."

या प्रश्नाचा अर्थ कळायला बाईंची जुनी ओळख हवी. श्रीमती वसुधा आंबेरकर यांना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याची संधी मला मिळाली आहे. तेव्हा त्या बाकापर्यंत वाचकांना घेऊन जावे, एवढाच माझा हेतू आहे.

बाईंना मी पहिल्यांदा भेटलो तो बातमीसाठी. परळचे घर सोडून आम्ही नुकतेच मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीत राहायला आलो होतो. मी एका दैनिकाच्या उपनगर पानाचे काम पाहत होतो, आणि जवळच्या वाचनालयाच्या तळमजल्यावर संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतात असे कळल्यावर वही घेऊन तिथे गेलो. दारातच बाई भेटल्या. काठाची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, बोटांना लाल खडू.

"कोण आपण?"

मी नाव सांगितले, दैनिकाचे नाव सांगितले.

"ते असू दे. इथं कुणाला ओळखता?"

"नाही. आम्ही नवीन आहोत."

"एकालाही नाही? वा! फार उपयोगाचे आहात. बसा त्या खुर्चीवर."

मी बसलो. एक मध्यमवयीन बाई पदर सावरत माझ्यासमोर आल्या आणि त्यांनी इंग्रजीत विचारले, "एक्सक्यूज मी, सर. व्हेअर इज द लिफ्ट?" तळमजल्याच्या त्या हॉलला लिफ्ट कुठली? इथे लिफ्ट नाही, असे मी इंग्रजीत सांगितले. त्यांना बहुधा दुसऱ्या उत्तराची अपेक्षा होती. गोंधळून त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिले. मागे बाई उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ किंचित हलत होते. "थँक यू, सर," असे म्हणून ती विद्यार्थिनी सुटल्यासारखी जागेवर गेली.

शिकलेली भाषा अनोळखी माणसापुढे चालली तरच ती आली, असे बाईंचे मत. म्हणून वर्गात सतत नवा माणूस हवा असे. कधी कुरिअरवाला, कधी कुणाच्या घरी आलेला पाहुणा, कधी सोसायटीत फ्लॅट पाहायला आलेले जोडपे, जो हाती लागेल त्याला बाई खुर्चीवर बसवत. माझी बातमी छापून आली, पण मी पुढेही जात राहिलो. काही महिन्यांनी मी बाईंना म्हणालो, "बाई, आता मी अनोळखी राहिलो नाही. माझा काय उपयोग?"

"खरंय," त्या म्हणाल्या. "मग आता खडू घ्या हातात."

तेव्हापासून मी त्यांचा सहकारी आहे.

बाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. मुंबईत एका मराठी माध्यमाच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवले. निवृत्तीनंतर यजमानांसह त्या मीरा रोडला आल्या. इमारतीतल्या दोघीतिघींनी "बाई, आम्हाला पण शिकवा ना" म्हणून गळ घातली आणि त्यांच्या जेवणाच्या टेबलावर वर्ग सुरू झाला. टेबल पुरेना तेव्हा वाचनालयाने हॉल दिला. आज तिथे मीरा रोडच्या सोसायट्यांतल्या गृहिणी येतात, दुकानांत काम करणारी माणसे येतात, घोडबंदर गावातून येतात आणि थेट उत्तनपलीकडच्या चौक गावातूनही येतात. चौकाहून येणारी बस वेळेवर येईलच असे नाही. म्हणून वर्गाची वेळ फलकावर काहीही लिहिलेली असो, फिलोमिनाबाई दारात दिसल्याशिवाय आंबेरकर बाई खडू उचलत नाहीत.

फिलोमिनाबाई चौकाच्या. मासळीचा धंदा त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचा. जवळच्या एका हॉटेलात नवा आचारी आला, तो लांबच्या राज्यातला, त्याला मराठी येत नाही आणि हिंदीही धड येत नाही. त्याला मासे विकायचे तर इंग्रजीच हवे, एवढ्यासाठी त्या वर्गात आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंना बजावले होते, "टीचर, माला बाकी काय नको. तो पोरगा फोनवर काय बोलतो ता कलला पायजे."

आता सुजाता गुरव यांच्याविषयी. कारण येत्या रविवारी सर्वांत जास्त पणाला लागले आहे ते त्यांचे. सुजाताताई इथल्या एका खासगी रुग्णालयात वॉर्डात काम करतात. रुग्णांना उठवणे-बसवणे, अंथरूण बदलणे, भांडी उचलणे. त्याच रुग्णालयाच्या दर्शनी भागात चौकशीचे काउंटर आहे. तिथली खुर्ची मिळावी ही त्यांची अनेक वर्षांची इच्छा. व्यवस्थापनाची अट एकच होती: पहिल्या पायरीचे इंग्रजी येते असे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र. आमच्या वर्गाचे प्रमाणपत्र म्हणजे बाईंची सही असलेला एक देखणा कागद, त्याला बाहेर कुणी विचारत नव्हते. त्याला बाहेर मान मिळावा म्हणून आम्ही पहिल्यांदा मान्यतेसाठी अर्ज केला.

भाषा किती येते हे मोजायची एक पट्टी आता बहुतेक ठिकाणी वापरतात. तिला पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर त्या माणसाला त्या भाषेत काय करता येते हे लिहिलेले असते. स्वतःची ओळख करून देता येते, साध्या चौकशीला उत्तर देता येते, वेळ आणि किंमत विचारता येते, असे. अभ्यासक्रमाची उद्दिष्टे या पट्टीशी जुळली पाहिजेत, ही मान्यतेची अट. बाईंनी आणि गीताताईंनी एका मोठ्या कागदावर तक्ता आखला. डावीकडे आमचे धडे, उजवीकडे पट्टीवरची वाक्ये. 'माझी ओळख' या धड्यासमोर ओळखीचे वाक्य, 'बाजार' या धड्यासमोर किमतीचे वाक्य. दुपारच्या चहापर्यंत सगळे जुळून गेले. धडा एकही बदलावा लागला नाही. इतक्या सहज जुळले याचीच शंका यायला हवी होती, असे बाई आता सांगतात.

त्या पहिल्या खेपेला परीक्षक आले. पिकलेल्या केसांचे, हळू आवाजात बोलणारे सद्‌गृहस्थ. शिकवणाऱ्यांनी आत बसायचे नाही, असा नियम त्यांनी सांगितला. बाई बाहेर गेल्या, पण दारातच उभ्या राहिल्या, परीक्षकांच्या पाठीमागे, विद्यार्थ्यांच्या समोर. बाईंना तेव्हापासूनच थोडे कमी ऐकू येऊ लागले होते, आणि परीक्षकांचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. पण त्याची गरज काय? तक्त्यातला क्रम त्यांना तोंडपाठ होता. आधी नाव, मग राहण्याचे ठिकाण, मग काम, मग बाजार. विद्यार्थी बोलायला लागला की बाईंचे ओठ आपोआप हलतात, ही वर्षानुवर्षांची सवय.

परीक्षकांनी मात्र सुरुवात मधूनच केली. सुजाताताईंना त्यांनी इंग्रजीत विचारले, तुम्ही काय काम करता? सुजाताताईंनी त्यांच्या खांद्यावरून दाराकडे पाहिले आणि उत्तर दिले, "माय नेम इज सुजाता गुरव." छान, परीक्षक म्हणाले, आणि हे काम तुम्हाला आवडते का? "आय लिव्ह इन मीरा रोड." परीक्षकांनी प्रश्न आणखी सावकाश विचारला, आणि सुजाताताईंनी आपल्या घराजवळचे रेल्वे स्टेशन सांगितले.

फिलोमिनाबाईंची पाळी येईपर्यंत दारातले ओठ बाजाराच्या धड्यापर्यंत पोहोचले होते. परीक्षकांनी आपुलकीने विचारले, "डू यू हॅव चिल्ड्रन?"

"यस सर," फिलोमिनाबाई ठणठणीत आवाजात म्हणाल्या. "फ्रेश. टुडे मॉर्निंग."

परीक्षकांनी खुर्ची हळूच वळवून मागे पाहिले. दारात बाई होत्या, ओठ अजून हलत होते. ते मराठीत म्हणाले, "मॅडम, तुमच्या इंग्रजीबद्दल मला अजिबात शंका नाही. पण मी ते तपासायला आलो नव्हतो."

मान्यता मिळाली नाही. काउंटरची खुर्ची त्या महिन्यात दुसऱ्या कुणाला दिली गेली.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या त्या खडू न घेता. सगळ्यांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "काल सुजाता नापास झाली नाही. मी झाले. उद्दिष्टं माझी होती, क्रम माझा होता, उत्तरंही माझीच होती. तुम्ही नुसता आवाज दिलात."

मागून फिलोमिनाबाईंनी विचारले, "मंग मी नापास न्हाय ना, टीचर?"

"नाही."

"मंग बरा. सुनेला उगाच सांगितला मी."

हसणे झाले, पण सुजाताताई हसल्या नाहीत. त्याच आठवड्यात वर्गाच्या कार्यकारिणीची बैठक झाली. तयार पाठ्यपुस्तक आणि त्यासोबतचा तयार तक्ता घेतला तर मान्यता सहज मिळेल, असे काहींनी सुचवले. आपल्या माणसांच्या गरजा त्या पुस्तकात नाहीत, असे बाई सांगत होत्या. विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधी म्हणून सुजाताताई बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला.

"बाई, तुमचं तत्त्व बरोबर असेल. मला खुर्ची पाहिजे. रोज पेशंटची भांडी उचलतेय मी, आणि कॉरिडॉरच्या काचेतून ती खुर्ची दिसते. तुमच्या प्रयोगाला अजून एक वर्ष लागलं तर तुमचं काय जातंय?"

बैठकीत चुळबुळ झाली. कुणीतरी "अगं, असं बोलू नये" म्हणाले. बाईंनी त्यांना थांबवले. "तिचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. आणि दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून त्या सुजाताताईंना भाईंदरच्या एका मान्यताप्राप्त वर्गात घेऊन गेल्या आणि त्यांचे नाव घालून आल्या. आपली विद्यार्थिनी आपल्या हाताने दुसऱ्याच्या वर्गात बसवून येणारे शिक्षक मी फार पाहिलेले नाहीत. परतल्यावर त्यांनी त्याविषयी एक अक्षर काढले नाही, हेही सांगायला हवे.

त्यानंतर मात्र बाई दुपारच्या वेळी दिसेनाशा झाल्या. कुठे जातात कळेना. पुढे गीताताईंकडून समजले की त्या दोघी सुजाताताईंच्या रुग्णालयात जाऊन काउंटरजवळच्या बाकड्यावर बसत होत्या. माणसे त्या काउंटरवर येऊन नेमके काय विचारतात, ते बाईंना ऐकायचे होते. कान साथ देत नव्हते, म्हणून गीताताई ऐकत आणि बाईंच्या कानात सांगत. काही दिवसांनी तिथल्या सुरक्षारक्षकाने हटकले.

"आजी, पेशंट कौन है आपका?"

"अभी तो कोई नहीं है, बेटा," बाई म्हणाल्या. "आगे देखेंगे."

तिथून त्या जे घेऊन आल्या, त्यातून आमचा आजचा अभ्यासक्रम उभा राहिला. पूर्वी आम्ही धड्यापासून सुरुवात करून पट्टीकडे जात होतो. बाईंनी दिशा उलटी केली. "सुजाताला खुर्ची पाहिजे ना? मग खुर्चीपासून मागे येऊ," असे त्या म्हणाल्या. डॉक्टर कधी येतात, रिपोर्ट कुठे मिळेल, कितव्या मजल्यावर जायचे, हे कुणीही, कुठल्याही क्रमाने, घाईत किंवा रडवेल्या आवाजात विचारले तर समजले पाहिजे आणि दोन शब्दांत सांगता आले पाहिजे. नाहीच कळले, तर "पुन्हा सांगा" असे न लाजता म्हणता आले पाहिजे. एवढे ठरल्यावर त्यांनी पट्टी हातात घेतली आणि यातले काय पहिल्या पायरीवर बसते ते पाहिले. बरेचसे बसले. जे बसले नाही, ते बसत नाही असे त्यांनी स्पष्ट लिहिले.

ही स्पष्टता मला त्यांच्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. कुणालाही खोटी आशा लावायची नाही. घोडबंदरचे पाटीलमामा नातवाशी बोलता यावे म्हणून येत. नातू परदेशात वाढलेला. मामांना त्याचे विनोद कळायला हवे होते.

"विनोद पहिल्या पायरीवर नाहीत, मामा," बाई म्हणाल्या. "ते खूप वरती आहेत. इथं तुम्हाला 'काय जेवलास, शाळेत कोण मित्र आहे, तिकडे थंडी आहे का' एवढं विचारता येईल."

मामांनी विचार केला. "पुष्कळ झालं. तेवढ्यात तो फोन आईकडे देतो."

फिलोमिनाबाईंचा प्रश्न अधिक अवघड होता. पट्टीवर किंमत विचारणे होते, किंमत सांगणे होते, पण घासाघीस कुठेच नव्हती. हे ऐकून त्यांना धक्काच बसला. "भाव करना न्हाय त्यांच्यात? मंग ते मावरा घेतान कसा?" बाईंनी घासाघीस अभ्यासक्रमात ठेवली, पण समोर स्वच्छ लिहिले: हे पट्टीवर नाही, हे चौकासाठी आहे. गीताताईंनी सांगितले की समितीने उद्दिष्टे मान्य करताना ही ओळ तशीच राहू दिली आहे.

बाईंच्या आई शिवणकाम करत. त्यामुळे बाईंची उदाहरणे बहुतेक तिथलीच असतात. "मापाच्या फितीशिवाय ब्लाऊज बेतता येत नाही," त्या आम्हा शिकवणाऱ्यांना सांगतात. "पण आधी बाई समोर उभी पाहिजे. आपण नुसती फीत शिवत बसलो होतो."

त्यांच्या शिकवण्यात उपदेश नसतो. एकदा आमच्याच सोसायटीतले साठेकाका वर्ग सुटल्यावर बाईंना कुजबुजत म्हणाले की फिलोमिनाबाई थेट बाजारातून येतात, वासाने लक्ष लागत नाही, त्यांना जरा मागे बसवता येईल का. बाई "बघू" म्हणाल्या. पुढच्या दिवशी 'विनंती करणे' हे उद्दिष्ट होते. बाईंनी फळ्यावर खिडकी उघडण्याची नम्र विनंती इंग्रजीत लिहिली आणि साठेकाकांना सांगितले, "तुम्हाला गरज आहे ना? मग तुम्हीच विचारा. त्यांना." काका उठले, लाल झाले, पण त्यांनी फिलोमिनाबाईंना ती विनंती केली. फिलोमिनाबाईंनी खिडकी सताड उघडली आणि इंग्रजीत विचारले, "ओके, सर? ॲनिथिंग एल्स, सर? पापलेट?" सगळा वर्ग हसला, काकाही हसले. आता दर शुक्रवारी काकांच्या घरी चौकाहून मासळीची पिशवी येते. बाईंनी त्या दिवशी उद्दिष्ट साध्य झाल्याची खूण दोघांच्याही नावापुढे केली.

सुजाताताई काही आठवड्यांनी परत आल्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, तिकडे कागद मिळेल. पण तिकडेपण प्रश्न ओळीनेच विचारतात. काउंटरवर बसले तर माझ्याऐवजी कागद नाही बोलणार." आणि मग, "चिडले होते मी तुमच्यावर."

"अजूनही चिडून घे," बाई म्हणाल्या. "बस आधी."

एवढे झाल्यावर बाईंसमोर त्यांची स्वतःचीच अडचण उरली होती. ओठ हलायचे काही थांबत नव्हते. आधी त्यांनी तोंडावर हात ठेवून पाहिला. सराव चालू असताना त्या हाताने तोंड झाकून कोपऱ्यात बसत. एक दिवस फिलोमिनाबाईंनी सांगितले, "टीचर, हात ठेवून काय पन फायदा न्हाय. तुमचे डोले बोलतान." मग त्या हॉलच्या बाहेर जाऊ लागल्या. दाराबाहेर बदामाच्या झाडाखाली सिमेंटचा एक बाक आहे, समोर रिक्षा स्टँड. बाई त्या बाकावर दाराकडे पाठ करून बसतात. आत विद्यार्थी कुणा अनोळखी माणसाशी इंग्रजीत बोलत असतात आणि बाहेर बाई रिक्षा पाहत असतात. आपल्या विद्यार्थ्याला अडखळताना ऐकून गप्प राहणे हे शिक्षकाला किती जड जाते, हे आम्ही शिकवणारे जाणतो. ज्या बाई आयुष्यभर पुढचा शब्द सुचवत आल्या, त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर गप्प राहायची ही नवी शिस्त स्वतःला लावून घेतली.

रिक्षावाल्यांनी एकदा विचारलेच, "काय मॅडम, आज बाहेर? क्लासमधून काढलं काय?"

"हो," बाई म्हणाल्या. "फार बडबड करते म्हणून."

आता त्या बाकाची कीर्ती झाली आहे. अभ्यासक्रमाच्या अखेरीस प्रत्येक विद्यार्थी आपले ठरवलेले काम खऱ्या जागी करून दाखवतो, आणि बाई सोबत जातात, पण आत जात नाहीत. बँकेच्या पायरीवर, दवाखान्याच्या बाहेर, हॉटेलच्या मागच्या दाराशी, जिथे जागा मिळेल तिथे पाठ करून बसतात. फिलोमिनाबाई त्या आचाऱ्याशी भाव करून बाहेर आल्या तेव्हा बाईंनी फक्त विचारले, "झालं?" त्या म्हणाल्या, "झाला. पोरगा भाव जास्तच करतो. पन कलला सगला."

काउंटरची ती खुर्ची पुन्हा रिकामी झाली आहे. व्यवस्थापनाने या महिनाअखेरपर्यंत थांबायचे कबूल केले आहे. रविवारची परीक्षा नीट झाली तर प्रमाणपत्राला मान्यता मिळेल आणि सुजाताताई काचेच्या पलीकडे जातील. नाही झाली तर खुर्ची पुन्हा जाईल. या ग्रंथाचा मजकूर आज संध्याकाळी छापखान्यात द्यायचा आहे, तेव्हा वाचकांच्या हाती पुस्तक पडेल तेव्हा निकाल त्यांना ठाऊक असेल, मला या क्षणी नाही. आयुष्यभर घड्याळाकडे पाहून मजकूर दिला, त्यामुळे अपुऱ्या बातमीची मला सवय आहे. न झालेली गोष्ट झाली म्हणून लिहायची नाही, एवढे पाळतो.

काल मी सुजाताताईंना विचारले, तयारी कशी आहे?

"भीती वाटतेय," त्या म्हणाल्या. "मागच्या टायमाला बघायला बाई होत्या. आता समोर कोणीच नाही."

"मग?"

"मग काय. समोरच्या माणसाकडेच बघायला लागेल."

बाईंनाही मी विचारले, नाहीच जमले तर? त्यांनी माझी समजूत काढली नाही. "तर ती पुन्हा चिडेल. चिडायलाच पाहिजे," त्या म्हणाल्या. "आणि मी पुन्हा कुठं चुकलं ते शोधायला लागेन. त्याला तब्येत पाहिजे."

ती त्यांना भरपूर लाभो, हीच आम्हा सगळ्यांची इच्छा. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम त्यांनी टाळू नयेत. कानाचे यंत्र पिशवीत न ठेवता कानात ठेवावे. सत्कार समितीला माझी एक विनंती आहे: शाल आणि श्रीफळ जरूर द्यावे, पण सोबत एक जाडशी उशीही द्यावी, कारण तो बाक फार कडक आहे आणि बाईंना त्यावर अजून पुष्कळ वर्षे बसायचे आहे. या ग्रंथाच्या वाचकांपैकी जे बाईंना अद्याप भेटलेले नाहीत, त्यांनी एखाद्या संध्याकाळी वाचनालयाकडे जरूर यावे. ते फार उपयोगाचे आहेत.

परीक्षा सकाळी आहे, म्हणजे बाकावर सावली असेल. सुजाताताईंचे नाव पहिले पुकारले जाणार आहे. त्या आत जातील, दार लागेल, आणि बाई रिक्षा स्टँडकडे तोंड करून बसतील. आत काय होईल याला आज कुणीही दुजोरा देऊ शकत नाही. दार पुन्हा उघडेपर्यंत बाई मागे वळून पाहणार नाहीत, एवढे मात्र मी आजच लिहून देतो.